पानाला कसं कळतं?

चार वर्षांपूर्वी गणपतीला मामाकडे गेले होते. कर्जतच्या पुढे, आत, जिथे मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. भात पोटरीवर आलं होतं. दुपारच्या आरतीनंतर मामा मला खाचरावर घेऊन गेला आणि बांधावरून वाकून त्याने एक पान तोडून माझ्या हातात दिलं. पान मधे हिरवंगार होतं. पण शेंड्यापासून दोन्ही कडा पिवळट पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्या पांढऱ्याची रेघ सरळ नव्हती, लाटेसारखी वेडीवाकडी होती.

"कडा करपा," मामा म्हणाला. "कृषी सहायक येऊन बघून गेला."

मग त्याने शेजारच्या खाचराकडे हात केला. तिथे दुसऱ्या जातीचं बियाणं होतं. पाऊस तोच, वारा तोच, पाणीसुद्धा एकाच पाटाचं. ते भात स्वच्छ उभं होतं.

"त्याच्या भाताला कळलं आणि माझ्या भाताला कळलं नाही, असं असतं काय गो?"

मी तेव्हा एम.एस्सी. बायोटेक होते. या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं, आकृतीसकट. पण बांधावर उभं राहून मला एक वाक्य धड सांगता येईना. "असतं तसं काहीतरी," म्हणाले आणि विषय मोदकांवर नेला. त्यानंतर मी वाचत गेले. वाचता वाचता कळलं की मामाचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, त्याचं उत्तर शोधताना अर्धं जग पालथं घातलं गेलंय आणि त्यात एक मोठी चूकही झालीय. त्या चुकीमुळेच मी हे लिहायला बसलेय.

*

या रोगाची पहिली नोंद १८८४ सालची, जपानच्या क्युशू बेटावर फुकुओका भागातली. ती केली शेतकऱ्यांनीच. तेव्हा लोकांना वाटलं, जमीन आंबट झाल्यामुळे पानं करपताहेत. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाच्या तरी लक्षात आलं, की रोगट पानांवरचे सकाळचे थेंब नितळ नाहीत. गढूळ आहेत. त्या गढूळपणात जिवाणू होते.

तुम्ही भातशेतीच्या गावातले असाल तर हे थेंब पाहिले असतील. पहाटे पानाच्या टोकाला, कडेला, एकेक थेंब लोंबत असतो. आपण त्याला दव म्हणतो. बऱ्याचदा ते दव नसतंच. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, ऊन नसल्याने ते वाफ होऊन जात नाही आणि मग पानाच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून ते बाहेर येतं. त्या भोकांना जलरंध्रं म्हणतात. पाणी बाहेर येण्याची हीच वाट जिवाणूला आत जायला सापडते. म्हणून करपा कडेपासून सुरू होतो. मामाच्या हातातल्या पानाची ती लाटेसारखी रेघ म्हणजे जिवाणू कुठवर पोचलाय त्याचा नकाशा होता.

या जिवाणूचं नाव झँथोमोनास ओरायझे. झँथो म्हणजे पिवळा. बशीत वाढवला तर त्याचे पिवळे, चिकट ठिपके दिसतात. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबवाल्यांची झोप उडवणारा तेल्या रोग याच्याच सख्ख्या भावंडाचा.

आणि आता एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीतून उठले होते. भारतात हा भातावरचा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो महाराष्ट्रात, १९५१ साली, कुलाबा जिल्ह्यात. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. म्हणजे मामाचाच जिल्हा. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या तिघांनी १९५९ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यावर छोटंसं टिपण छापलं. यातले एम. के. पटेल हे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले. पिकांवरच्या जिवाणूंचा अभ्यास भारतात उभा राहिला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. तिरुमलाचार यांचं नाव पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सशी जोडलं गेलं. पुण्यात पाच वर्षं शिकले, या माणसांची नावं एकदाही कानावर आली नाहीत. असो.

तेव्हा तो किरकोळ रोग होता. १९६३ साली बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. त्याच दशकात बुटक्या, खत पचवणाऱ्या नव्या जाती शेतात आल्या. तायचुंग नेटिव्ह-१ ही त्यातली गाजलेली जात या जिवाणूपुढे अगदीच लेचीपेची निघाली. भरपूर युरिया खाल्लेलं लुसलुशीत पान जिवाणूलाही आवडतं. देशाला भात हवा होता आणि भाताला रोग झाला होता.

*

पुढे जाण्याआधी झाडाची अडचण समजून घेऊ.

आपल्याला ताप येतो तेव्हा अंगात काय चालतं हे कोविडने सगळ्यांना शिकवलंय. अँटिबॉडी, पांढऱ्या पेशी, लस. आपल्या रक्तात फिरते शिपाई असतात, ते एका शत्रूला एकदा पाहिलं की लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी खास हत्यार घेऊन येतात. झाडाकडे यातलं काहीच नाही. रक्त नाही, फिरती पेशी नाही, अँटिबॉडी नाही. प्रत्येक पेशी आपापल्या भिंतीत चिणलेली. म्हणजे पानाच्या कडेला जिवाणू आला, तर तिथल्या पेशीला स्वतःच ओळखायचं आहे की हा परका आहे, आणि स्वतःच लढायचं आहे. जन्मतः जेवढं येतं तेवढ्यावरच.

काही झाडांना ते येतं, काहींना येत नाही, आणि हा गुण आईबापांकडून येतो, हे मात्र लवकर कळलं होतं. गव्हावरच्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत जातो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेनने १९०५ सालीच दाखवलं. पुढे अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये हॅरल्ड फ्लोर जवसावरच्या तांबेऱ्याच्या मागे लागला. हो, आपण चटणी करतो तेच जवस. त्याने जवसाच्या जातींचे संकर केले आणि बुरशीचेही केले. दोघांची वंशावळ शेजारी शेजारी मांडली. १९४० च्या दशकात तो अशा निष्कर्षाला आला की झाडातल्या एका जनुकाला बुरशीतला एक जनुक जोडीला असतो. ती जोडी जुळली तर झाड वाचतं. जुळली नाही तर रोग.

फ्लोरने हे सगळं शेतात, कुंड्यांत आणि वहीत केलं. डीएनए कसा दिसतो तेही तेव्हा ठाऊक नव्हतं. झाडातला जनुक नेमकं काय बनवतो, बुरशीतला काय बनवतो, ते एकमेकांना भेटतात कुठे, काहीच माहीत नाही. फक्त जोडी आहे, एवढं कळलं होतं. पुढची पन्नास वर्षं सगळे त्या जोडीतला किमान एक जण प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायच्या प्रयत्नात होते.

*

आता आफ्रिकेत जाऊ. मालीमध्ये एक रानटी भात उगवतो, ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा. उंच वाढतो, जमिनीखालून धुमारे फोडत पसरतो, दाणे कमी धरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तणच. त्याचा एक नमुना कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आला होता. १९७७ साली तिथल्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की भारतातले करप्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते सगळे या तणाने परतवून लावले. पुढच्या वर्षी तो फिलिपिन्सला गेला, लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत. तिथे गुरदेव खुश होते, पंजाबच्या खेड्यातून आलेले आणि भाताच्या जाती घडवण्यात हयात घालवलेले. त्यांच्या गटाने रानटी भात आणि लागवडीचा भात यांचा संकर केला. मग पिढ्यानपिढ्या पुन्हा लागवडीच्या भाताशीच, प्रत्येक वेळी फक्त रोगाला न जुमानणारी रोपं निवडत. बारा वर्षं. शेवटी हातात आला तो जवळजवळ पूर्ण लागवडीचा भात, ज्यात रानटी भाताचा एक छोटासा तुकडा उरला होता. त्या तुकड्यातल्या जनुकाला १९९० साली क्रमांक मिळाला, एक्सए२१.

त्याच सुमारास पामेला रोनाल्ड नावाची तरुण संशोधक अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हा जनुक गुणसूत्राच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधत होती. अकराव्या गुणसूत्रावर, हे कळलं. मग ती कॅलिफोर्नियात डेव्हिसला प्राध्यापक म्हणून गेली आणि १९९५ च्या डिसेंबरमध्ये तिच्या गटाने, वेन-युआन साँग पहिला लेखक, 'सायन्स'मध्ये जाहीर केलं की जनुक सापडला. तो एकटा तुकडा काढून करप्याला बळी पडणाऱ्या भातात घातला, आणि तो भात वाचला.

जनुक जे प्रथिन बनवतो त्याचा आकार बघून लोक थबकले. प्रथिनाचा एक भाग पेशीच्या बाहेर, एक पातळसा भाग पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेला आणि एक भाग आत. बाहेरच्या भागात ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लाने भरलेला तोच तोच तुकडा २३ वेळा, वाकून कोयत्याच्या पात्यासारखा. असे वाकडे भाग दुसऱ्या रेणूला धरायला असतात. आतला भाग कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून 'उठा' म्हणणारा. थोडक्यात दाराबाहेर लोंबणारी दोरी आणि दाराआत घंटा. याला ग्राहक म्हणतात. रिसेप्टरला पाठ्यपुस्तकात हाच शब्द आहे, पण तो वाचला की मला दुकानच आठवतं, म्हणून मी रिसेप्टरच म्हणणार.

आता तारीख लक्षात ठेवा, १९९५. कारण प्राण्यांच्या बाजूला तेव्हा काय स्थिती होती? येल विद्यापीठातल्या चार्ल्स जेनवेने १९८९ मध्ये एक अंदाज मांडला होता. त्याचं म्हणणं असं की अँटिबॉडीच्या आधी आपल्या शरीरातही जन्मजात ओळख असली पाहिजे. जिवाणूंमध्ये असतात पण आपल्यात नसतात अशा रेणूंवर नजर ठेवणारे रिसेप्टर असले पाहिजेत. तर्क सुरेख, पण रिसेप्टर कुठे होते? फळमाशीत 'टोल' नावाचा एक जनुक माहीत होता. पण तो गर्भाचं पोट कुठे, पाठ कुठे हे ठरवणारा म्हणून. जर्मन भाषेत 'टोल' म्हणजे भन्नाट. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्डच्या प्रयोगशाळेत तो विचित्र गर्भ पाहून तोंडून निघालेला तो उद्गार. हा टोल माशीला बुरशीपासून वाचवतो हे स्ट्रासबुर्गच्या ज्युल हॉफमनच्या गटाने दाखवलं १९९६ साली. उंदरात टोलसारखंच प्रथिन जिवाणूच्या आवरणाची खबर देतं, हे ब्रूस बॉयट्लरने दाखवलं १९९८ मध्ये. २०११ चं नोबेल या दोघांना आणि राल्फ स्टाइनमनला मिळालं.

भातवाले त्या यादीत नव्हते. माझं मत विचाराल तर त्यात कुणाचा कट नव्हता. वैद्यकाचं नोबेल भाताला मिळत नाही, एवढंच. पण जन्मजात प्रतिकाराचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तकं माशीपासून सुरू करतात, तेव्हा मला त्या आधीच्या डिसेंबरची आठवण होते. भातातला रिसेप्टर माशीच्या आधी लोकांसमोर होता. झाडांकडे बघायची सवय नसते, इतकंच.

एक्सए२१ ची खरी अडचण वेगळी होती. दोरी सापडली, घंटा सापडली. पण दोरी ओढतं कोण? जिवाणूचा नेमका कुठला रेणू? ते कुणालाच माहीत नव्हतं.

*

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला नेमकं उलटं घडत होतं. तिथे थॉमस बोलर आणि गेऑर्ग फेलिक्स यांच्याकडे दोरी ओढणारा होता, दोरी नव्हती.

त्यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो स्वस्त आहे. टोमॅटोच्या पेशी पातळ द्रवात, चंबूत वाढवायच्या. त्यात पीएच मोजायची कांडी बुडवायची. मग जिवाणूंचा अर्क थेंबभर टाकायचा. काही मिनिटांत द्रवाचा पीएच चढायला लागतो, कारण पेशी दचकतात आणि त्यांच्या पडद्यातून आयनांची ये-जा सुरू होते. पेशी मेलेल्या नाहीत, त्यांना इजाही झालेली नाही. त्यांना फक्त 'कळलं' आहे. मामाच्या शब्दातलं कळणं कागदावर आलेख म्हणून उमटतं ते असं.

अर्कातलं नेमकं काय कळतं, हे शोधत ते फ्लॅजेलिनपर्यंत आले. जिवाणू पोहतो ते शेपटीने, आणि ती शेपटी या प्रथिनाची बनते. त्यातलाही फक्त २२ अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो. १९९९ मध्ये त्यांनी हे छापलं आणि त्या तुकड्याचं नाव पडलं एफएलजी२२. हा तुकडा वेगवेगळ्या जिवाणूंत जवळजवळ सारखाच असतो, कारण तो बदलला तर शेपटी बिघडते. झाडाने बरोबर तिथेच बोट ठेवलंय, जिथे शत्रूला वेष बदलणं महागात पडतं.

यात एक गंमत आहे. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून राहणारा रायझोबियम हाही शेपटीवाला जिवाणू. पण त्याच्या शेपटीतला हा तुकडा वेगळा आहे आणि झाड त्याला दचकत नाही. मामा भात कापल्यावर त्याच खाचरात वाल टाकतो. वाल उपटला की मुळांवर त्या गाठी दिसतात.

दोरी शोधायला त्यांनी ॲराबिडॉप्सिस वापरलं. मोहरीच्या कुळातलं हे बोटभर रोपटं वनस्पतीशास्त्राचा गिनिपिग आहे. एफएलजी२२ घातलेल्या पाण्यात त्याची रोपं खुरटतात. सगळी ताकद लढाईत जाते, वाढीला काही उरत नाही. मग हजारो बियांमध्ये बदल घडवायचे आणि बघायचं, त्या पाण्यातही कुठलं रोप बिनधास्त वाढतं. जे वाढतं ते बहिरं. त्याचा बिघडलेला जनुक शोधला की रिसेप्टर हातात. २००० साली लुर्देस गोमेझ-गोमेझ आणि बोलर यांनी तो जाहीर केला, एफएलएस२. बाहेर ल्युसिनवाला वाकडा भाग, आत कायनेज. रचना हुबेहूब एक्सए२१ च्या घराण्यातली. रानटी भात आणि मोहरीचं रोपटं यांच्या वाटा वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी दाराला घंटा तीच.

२००४ मध्ये सिरिल झिपफेलने एक साधा प्रश्न विचारला. बहिऱ्या रोपाला खरंच जास्त रोग होतो का? जिवाणू सुईने पानात टोचले तर बहिऱ्या आणि शहाण्या रोपात फरक दिसेना. पण पानावर नुसते फवारले, तर बहिरं रोप जास्त आजारी पडलं. म्हणजे ही ओळख उंबऱ्यावरच कामाची. आणि २००६ मध्ये माएली मेलोट्टो आणि शेंग यांग हे यांनी दाखवलं की जिवाणूची चाहूल लागली की पानाची श्वास घ्यायची छिद्रं चक्क मिटतात. काही तासांनी जिवाणू स्वतःचं एक विष सोडून ती पुन्हा उघडायला लावतो. इतकी वर्षं आपण शिकत आलो की ती छिद्रं फक्त हवा आणि पाणी यांसाठी.

*

आता त्या चुकीकडे येते.

२००९ साली रोनाल्डच्या गटाने 'सायन्स'मध्ये जाहीर केलं की एक्सए२१ ची दोरी ओढणारा सापडला. जिवाणूतलं एएक्स२१ नावाचं प्रथिन. चौदा वर्षांचं कोडं सुटलं होतं. इतरांनी तो निष्कर्ष धरून पुढचं काम सुरू केलं. २०११ मध्ये याच गटाचा आणखी एक निबंध आला.

मग प्रयोगशाळेत नवी माणसं आली. रोरी प्रुइट आणि बेंजामिन श्वेसिंगर. नव्या माणसाने करायचं पहिलं काम म्हणजे जुना प्रयोग पुन्हा करून बघणं. तो होईना. आधी सगळ्यांना वाटतं तसंच वाटलं, की यांचंच काही चुकतंय. पुन्हा केला, तरी होईना. मग जिवाणूंचे जुने साठे काढून एकेक तपासले. ज्या जिवाणूंवर निष्कर्ष उभा होता, त्यातल्या काही नळ्यांवर भलतंच लेबल होतं. आणि ज्या चाचणीने एएक्स२१ चा तुकडा काम करतो असं दिसलं होतं, ती चाचणी कधी हो म्हणायची, कधी नाही.

२०१३ साली आधी २०११ चा निबंध मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरमध्ये 'सायन्स'मधला. त्याच महिन्यात रोनाल्डने 'सायंटिफिक अमेरिकन'साठी स्वतः सविस्तर लिहिलं, की चूक कशी झाली, कशी सापडली, किती जणांचं काम त्यात अडकलं. तोपर्यंत ती या क्षेत्रातलं मोठं नाव होती. जीएम पिकांच्या बाजूने उघड बोलत असल्याने टपून बसलेले विरोधकही भरपूर होते. नवरा सेंद्रिय शेती करणारा, दोघांनी मिळून पुस्तक लिहिलेलं. गप्प राहणं सोपं होतं. त्या निबंधाला हळूहळू लोक विसरलेही असते.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. त्याचं कारण सांगते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या सहामाहीत माझा प्रकल्प होता. संस्थेचं नाव महत्त्वाचं नाही. मला दोन प्रकारचे जिवाणू वेगवेगळे वाढवायचे होते, साठवायचे होते आणि त्यांची तुलना करायची होती. मार्चमध्ये फ्रीझर बिघडला, एका रात्रीत सगळं वितळलं, आणि नळ्यांवरची मार्करची शाई पुसट झाली. मी अंदाजाने पुन्हा लेबलं लावली. बहुतेक बरोबरच. 'बहुतेक' हा शब्द मी प्रबंधात लिहिला नाही. मार्गदर्शकांना सांगितलं नाही. निकाल छान आले, त्यांना आनंद झाला, मला ए ग्रेड मिळाली. तो प्रबंध कुठे छापला गेला नाही, त्यावर कुणी काही उभारलं नाही. पण त्या तक्त्यातले दोन स्तंभ उलटे असू शकतात हे जगात फक्त मला माहीत आहे. तीन महिन्यांनी मी पीएच.डी.चा विचार सोडला. घरी सांगितलं, नोकरी करायची आहे.

म्हणून रोनाल्डच्या लेखाचा तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, जिथे नवी मुलं येऊन सांगतात की होत नाहीये. तिने त्यांना हाकललं नाही. तपासा म्हणाली.

*

मागे घेतलेल्या निबंधातही काही गोष्टी खऱ्याच उरल्या होत्या. जिवाणूतले 'रॅक्स' नावाचे काही जनुक बिघडवले की एक्सए२१ ची घंटा वाजत नाही, हे आधीपासून पक्कं होतं. त्यातला एक जनुक जे प्रथिन बनवतो, ते दुसऱ्या प्रथिनाला सल्फेट चिकटवतं. म्हणजे दोरी ओढणाऱ्याच्या अंगावर सल्फेट असणार. पण हा दुसरा कोण? गटाने त्या जनुकांच्या आसपासचा डीएनए नव्याने चाळला, आणि अगदी शेजारी एक इवलासा जनुक सापडला. इतका लहान की आधी कुणी त्याची दखल घेतली नव्हती. त्यातून बनणारं प्रथिन जेमतेम साठ अमिनो आम्लांचं. त्याला रॅक्सएक्स म्हणतात. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पहिला लेखक रोरी प्रुइट, ज्याच्या हातून जुना प्रयोग झाला नव्हता तोच.

या वेळी उलटसुलट सगळं तपासलं होतं. रॅक्सएक्स काढून टाकलेला जिवाणू एक्सए२१ असलेल्या भातातही सुखाने घुसतो. त्याचा २१ अमिनो आम्लांचा सल्फेटवाला तुकडा नुसता दिला तरी पान सावध होतं. सल्फेट काढलं की नाही.

मग पुढचा प्रश्न. जिवाणू हा चुगलखोर रेणू बाळगतो तरी कशाला? २०१७ मध्ये उत्तर आलं. रॅक्सएक्स हा झाडाच्याच एका वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. ती मुळांना दिली तर मुळं लांब वाढतात. म्हणजे जिवाणू झाडाच्या घरचाच आवाज काढून आत शिरतो. बहुतेक भात त्याला भुलतो. मालीतल्या त्या तणाने मात्र खरा आवाज आणि काढलेला आवाज यांतला फरक ओळखणारा कान कमावला होता. आणि गोष्ट इथेही थांबत नाही. शेतात आता असेही जिवाणू सापडतात ज्यांनी रॅक्सएक्स थोडासा बदललाय. एक्सए२१ ला ते ऐकू येत नाहीत.

म्हणून भातवाले एकट्या एक्सए२१ वर विसंबत नाहीत. हैदराबादच्या सीसीएमबी आणि भात संशोधन संचालनालयाने सांबा मसुरीत तीन जनुक एकत्र आणले, आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी शेतकऱ्यांसाठी आली. ही जीएम जात नाही. जुन्या पद्धतीचेच संकर, फक्त कोणत्या रोपात हवे ते जनुक आलेत हे डीएनए बघून ठरवलेलं.

*

यंदा गणपतीला पुन्हा गेले. या वेळी मामाने विचारायची वाट पाहिली नाही. काचेचा पेला घेतला, स्वच्छ पाणी भरलं, रोगट पानाचा तुकडा कात्रीने कापला आणि कापलेली बाजू पाण्यात सोडून पडवीत ठेवला. ही साधी चाचणी आहे, कुणालाही करता येते. पाच-दहा मिनिटांनी कापलेल्या कडेतून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरायला लागली. मामाने चष्मा लावला.

"हे सगळे तेच?"

"तेच. लाखोंनी."

मग मी त्याला सांगितलं. दोरी, घंटा, माली, कटक, फिलिपिन्स, कॅलिफोर्निया. चुकलेलं लेबलसुद्धा सांगितलं, तिचं. माझं नाही. शेजारच्या खाचरातल्या भातात नेमका कुठला जनुक आहे हे मला ठाऊक नाही, तेही सांगितलं. पण त्याला काहीतरी ऐकू येतं जे तुझ्या भाताला येत नाही, एवढं खरं.

मामा बराच वेळ पेल्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ज्यांच्या गावचं ते तण होतं, त्यांना काय मिळालं?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता, पण उत्तर माहीत होतं. रोनाल्डलाही तो पडला होता. १९९६ मध्ये तिने जॉन बार्टन या कायद्याच्या प्राध्यापकाच्या मदतीने डेव्हिसला एक निधी उभारला. एक्सए२१ च्या पेटंटवर कंपन्यांनी पैसे कमावले तर त्यातला वाटा मालीसारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी द्यायचा, अशी योजना. कंपन्यांनी जनुकात रस दाखवला, पण त्यावरचं बियाणं बाजारात आणलं नाही. बियाणं विकलं गेलं नाही, त्यामुळे वाटाही आला नाही.

"म्हणजे काही नाही," मामा म्हणाला.

"काही नाही."

त्याने पेला उचलला. मी म्हटलं, अंगणात ओतू नकोस, ते पाणी शेतात जाईल. तो म्हणाला, "एवढं कळतं गो मला," आणि चुलीवरचं आधण आणायला आत गेला.